रीक्रिस्टलायझेशन: तळाशी तेल उतरतं, स्फटिक येत नाहीत, यील्ड हाती लागत नाही

रीक्रिस्टलायझेशन म्हणजे कच्चा पदार्थ गरम द्रावकात विरघळवून, गार करताना तो शुद्ध स्फटिकांच्या रूपात परत मिळवणं; हाती आलेल्या शुद्ध मालाचं प्रमाण म्हणजे यील्ड. कच्चं ॲसिटॅनिलाइड पाण्यात टाकून उकळलं, पण पूर्ण विरघळण्याऐवजी फ्लास्कच्या तळाशी तपकिरी तेलकट थेंब होऊन बसलं. गार केल्यावर त्या थेंबांचा मेणासारखा गोळा झाला. गोळा वाळवून मेल्टिंग पॉइंट (वितळणबिंदू) घेतला तर १०५ अंशांच्या आसपास ओलसरपणा दिसायला लागला आणि ११२ अंशांपर्यंत नुसतं रेंगाळणं. बी.एस्सी.च्या ऑर्गॅनिक प्रॅक्टिकलला ही तक्रार दर वर्षी येते. त्यावर हमखास केला जाणारा उपाय म्हणजे थेंब मागे ठेवून वरचं स्वच्छ पाणी अलगद ओतून घेणं. नेमकं इथेच सगळं हातचं जातं, कारण माल त्या थेंबांतच असतो.

तेल येतं कुठून

शुद्ध ॲसिटॅनिलाइड ११४ अंश सेल्सिअसला वितळतं आणि पाणी १०० ला उकळतं, तेव्हा पाण्याखाली ते वितळायला नको, असा हिशेब सगळे करतात. हिशेबात एक गोष्ट सुटते. गरम ॲसिटॅनिलाइडमध्ये पाणीही विरघळतं आणि त्यामुळे त्याचा वितळणबिंदू खाली येतो. ८३ अंशांच्या वर, आणि पाण्यात ॲसिटॅनिलाइडचं प्रमाण साधारण ५.२ टक्क्यांच्या पुढे गेलं की फ्लास्कमध्ये दोन द्रव तयार होतात: वर ॲसिटॅनिलाइड विरघळलेलं पाणी, खाली थोडं पाणी पिऊन बसलेलं वितळलेलं ॲसिटॅनिलाइड. तळाचे थेंब ते हेच.

या थेंबांचं दुसरं दुखणं असं की रंगीत आणि चिकट अशुद्धींना ते पाण्यापेक्षा फार आवडतात. पाण्यात राहायला हवी ती घाण तेलात शिरते आणि तेल गोठलं की आत अडकते. स्फटिक वाढताना एकेक रेणू रांगेत बसतो आणि परका रेणू बाहेर राहतो. गोठलेल्या थेंबाला अशी निवड करता येत नाही. म्हणून तेलाचा गोळा पांढरा दिसला तरी त्याला शुद्ध समजू नका. बेन्झोइक ॲसिडही (वितळणबिंदू १२२ अंश) पाणी कमी पडलं तर उकळताना असंच वागतं.

टेबलावर काय करायचं

थेंब दिसले की गाळायचं नाही, ओतायचं नाही, गारही करायचं नाही. फ्लास्क आचेवरच ठेवा. दुसऱ्या बीकरमध्ये पाणी आधीच उकळत ठेवलेलं असावं. त्यातलं ३ ते ५ मिली एका वेळी घाला, फ्लास्क फिरवा, पुन्हा उकळी येऊ द्या आणि तळाकडे बघा. थेंब लहान झाला तर तो मालच आहे, आणखी घाला. शेवटचा थेंब नाहीसा होताना आधी मसुराएवढा, मग खसखशीएवढा होतो आणि एका फिरवण्यात दिसेनासा होतो. तिथे थांबा आणि आतापर्यंत एकूण किती पाणी गेलं ते वहीत लिहा. हा आकडा पुढे तीनदा तरी लागतो.

थेंबाऐवजी बारीक कण असेल आणि दोन-तीन वेळा पाणी घालूनही त्याचा आकार बदलत नसेल, तर ती वाळू, फिल्टर पेपरचा तंतू किंवा अविद्राव्य अशुद्धी. तिच्यामागे लागून पाणी ओतत राहू नका. ती गरम गाळताना कागदावर राहील. तेल आणि कण यांतला फरक सोपा आहे: फ्लास्क फिरवला की थेंब लांबट होतो, दोन थेंब एकमेकांत मिसळतात. कण तसा वागत नाही.

सगळं विरघळल्यावर त्या पाण्याच्या आणखी पाचवा हिस्सा उकळतं पाणी घाला. हे जास्तीचं पाणी दोन कामं करतं. गाळताना द्रावण थोडं निवलं तरी फनेलमध्ये स्फटिक धरत नाहीत, आणि प्रमाण ५.२ टक्क्यांच्या बरंच खाली गेल्यामुळे गार होताना पुन्हा तेल सुटत नाही, सरळ स्फटिक पडतात.

पाण्याचा हिशेब

उकळत्या १०० मिली पाण्यात ॲसिटॅनिलाइड सुमारे ५ ते साडेपाच ग्रॅम मावतं, २५ अंशांना फक्त ०.५६ ग्रॅम. म्हणजे ५ ग्रॅम कच्च्या मालाला उकळतं पाणी १०० मिली, वर २० मिली, एकूण १२०. गार झाल्यावर त्यात ०.६७ ग्रॅम विरघळलेलंच राहणार आणि हाती जास्तीत जास्त ४.३ ग्रॅम येणार, म्हणजे साधारण ८६ टक्के. हेच २०० मिलीत केलं तर १.१ ग्रॅम पाण्यात जातं, ३०० मिलीत १.७ ग्रॅम. ‘यील्ड ६५ टक्केच का आला’ या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा मेझरिंग सिलिंडरमध्ये असतं, आणि ते सापडत नाही कारण पाणी सिलिंडरने मोजलेलंच नसतं, वॉश बॉटलने अंदाजे सोडलेलं असतं.

बेन्झोइक ॲसिडसाठी हेच आकडे उकळत्या १०० मिली पाण्यात साडेपाच ग्रॅमच्या थोडं वर, २५ अंशांना ०.३४ ग्रॅम आणि शून्य अंशाला ०.१७ ग्रॅम. एका ग्रॅमला २५ मिली पाणी पुरतं. ते उघड्या भांड्यात फार वेळ उकळू नका. बेन्झोइक ॲसिड वाफेबरोबर उडतं, घसा खवखवायला लागला की यील्ड हवेत चालला आहे असं समजा.

पाणी डिस्टिल्डच घ्या. बोअरच्या जड पाण्यातल्या बायकार्बोनेटशी बेन्झोइक ॲसिडची क्रिया होऊन थोडा माल विद्राव्य क्षार होऊन बसतो, आणि तो गार करून परत येत नाही.

गार करताना पुन्हा तेल सुटलं तर

पाणी मोजून घेतलं, गरम द्रावण नितळ होतं, तरी निवताना दुधाळ झालं आणि तळाशी थेंब जमले, असंही होतं. माल फार अशुद्ध असेल तर हे जास्त दिसतं, कारण अशुद्धीमुळे वितळणबिंदू आणखी खाली उतरलेला असतो. पुन्हा उकळी आणा, एक दशांश पाणी वाढवा, आणि या वेळी ८० अंशांच्या आसपास येताच शुद्ध ॲसिटॅनिलाइडचा एक कण (सीड) टाकून काचेच्या कांडीने हळू ढवळत राहा. तेल सुटायच्या आत स्फटिकाला धरायला जागा मिळाली की तो वाढतो. सीडसाठी मोहरीच्या दाण्याएवढाही लागत नाही, कांडीच्या ओल्या टोकाला चिकटेल तेवढा पुरे. जास्त गरम असताना टाकला तर विरघळून जातो, तेव्हा दुसरा टाका.

दोनदा करूनही तेलच येत असेल तर पाण्याचा नाद सोडा. थोड्या गरम इथेनॉलमध्ये विरघळवून पाणी घालण्याची रीत खाली दिली आहे.

अजिबात काही पडत नाही

द्रावण गार झालं, बर्फात ठेवलं, तरी काचेसारखं नितळ. इथे दोनच शक्यता: पाणी फार झालं किंवा द्रावण अतिसंपृक्त होऊन (मावतं त्याहून जास्त माल विरघळलेला ठेवून) अडून बसलं. ओळखण्यासाठी काचेची कांडी द्रावणात बुडवा, बाहेर काढा, हवेत वाळू द्या. टोकावर पांढरा थर आला तर ते टोक परत द्रावणात घाला, तोच सीड. सोबत फ्लास्कच्या आतल्या भिंतीवर, द्रवाच्या पातळीच्या जरा वर-खाली, कांडीने घासा. घासण्याचा कर्कश आवाज आला पाहिजे, नुसतं फिरवून उपयोग नाही. घासल्या रेषेवर पाचेक मिनिटांत बारीक सुया दिसतात आणि मग सगळा फ्लास्क भरभर पांढरा होतो.

एवढं करूनही काही नाही, तर पाणी जास्त आहे. नवा पोर्सिलेनचा तुकडा टाकून द्रावण दोन तृतीयांश होईपर्यंत उकळा आणि पुन्हा गार करा. आधी वापरलेला तुकडा चालत नाही. गार होताना त्याच्या छिद्रांत द्रव भरतो, मग तो बुडबुडे देत नाही आणि द्रावण एकदम उसळतं.

रंग जात नाही

कच्च्या ॲसिटॅनिलाइडचा तपकिरी रंग बहुधा जुन्या ॲनिलिनमधून येतो. बाटलीत हवा लागून ॲनिलिन काळवंडतं. ताजं डिस्टिल केलेलं ॲनिलिन घेतलं, किंवा ॲसिटिलेशन (ॲनिलिनपासून ॲसिटॅनिलाइड बनवण्याची क्रिया) करताना चिमूटभर झिंक पावडर टाकली, तर निम्मं काम तिथेच होतं.

रंग उतरवायला ॲक्टिव्हेटेड चारकोल वापरायचा तो मालाच्या १ ते २ टक्के. ५ ग्रॅमला ५० ते १०० मिलिग्रॅम, म्हणजे स्पॅच्युलाच्या टोकावर राहील एवढा. चमचाभर टाकणारे खूप आहेत. चारकोलला रंग आणि माल यांतला भेद फारसा कळत नाही, तो दोन्ही धरून ठेवतो. घालण्यापूर्वी फ्लास्क आचेवरून उतरवा आणि मिनिटभर थांबा. उकळत्या द्रावणात चारकोल पडला की ते दुधासारखं उतू जातं, आणि हे दूध १०० अंशांचं असतं. दोन-तीन मिनिटं पुन्हा उकळून, घडीचा फिल्टर पेपर आणि आखूड दांडीचं फनेल वापरून गरमच गाळा. फनेल आधी उकळत्या पाण्याने तापवा. खालच्या फ्लास्कमध्ये थोडं पाणी उकळत ठेवलं तर वर येणारी वाफ फनेलची दांडी गरम ठेवते. गाळलेलं द्रावण करडं दिसलं तर काळे कण कागदातून उतरले आहेत. पुन्हा तापवून दुहेरी कागदातून गाळा, नाहीतर हे कण स्फटिकांत तिळासारखे दिसतात.

मिश्रण निम्मं-निम्मं असेल तर

रीक्रिस्टलायझेशन मुख्य घटकात थोडी अशुद्धी असताना चालतं. का, ते आकड्यांतच बघा. ५ ग्रॅम मालात ०.२५ ग्रॅम बेन्झोइक ॲसिड आणि बाकी ॲसिटॅनिलाइड आहे. १२० मिली पाणी २५ अंशांना ०.४१ ग्रॅम बेन्झोइक ॲसिड पोटात ठेवू शकतं, म्हणजे सगळी अशुद्धी पाण्यातच राहते आणि स्फटिक स्वच्छ येतात. आता त्याच ५ ग्रॅममध्ये बेन्झोइक ॲसिड २ ग्रॅम असलं तर? पाण्यात राहणार तेच ०.४१ आणि उरलेलं दीड ग्रॅमहून जास्त ॲसिटॅनिलाइडबरोबर खाली बसणार. (दोन्ही पदार्थांचा एकमेकांच्या विद्राव्यतेवर होणारा परिणाम इथे सोडून दिला आहे, त्याने चित्र फार बदलत नाही.) दोघांची गरम-गार पाण्यातली विद्राव्यता जवळपास सारखी असल्याने हे मिश्रण दहा वेळा रीक्रिस्टलाइज केलं तरी भांडण सुटणार नाही, उलट दर वेळी माल कमी होत जाईल. बायनरी मिक्श्चरच्या (दोन पदार्थांच्या मिश्रणाच्या) प्रॅक्टिकलमध्ये आधी रासायनिक पद्धतीने घटक वेगळे करायला लावतात ते यासाठीच.

प्रत्येकी १ ग्रॅमचं मिश्रण असेल तर ५ टक्के सोडियम बायकार्बोनेटचं २० मिली द्रावण १०० मिलीच्या बीकरमध्ये, गरम न करता, थोडं-थोडं घालून फेस थांबेपर्यंत ढवळा. बीकर मोठाच हवा, फेस वर चढतो. बेन्झोइक ॲसिड सोडियम बेन्झोएट होऊन विरघळतं, ॲसिटॅनिलाइड तसंच राहतं. गाळा आणि कागदावरचं ॲसिटॅनिलाइड ५ मिली गार पाण्याने धुवा. द्रावण उगाच वाढवू नका: २० मिलीतही ०.१ ग्रॅम ॲसिटॅनिलाइड विरघळतं, आणि पुढे तेच बेन्झोइक ॲसिडमध्ये अशुद्धी म्हणून डोकं वर काढतं. गाळलेल्या द्रावणात तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड थेंबाथेंबाने, लिटमस ठळक लाल होईपर्यंत घाला. एक ते दीड मिली लागतं. बर्फात ठेवा, पांढरा पिसासारखा साका पडतो.

या साक्यात मीठ असतं, आणि इथे दुसरी नेहमीची चूक होते. न धुता मेल्टिंग पॉइंट घेतला तर कॅपिलरीत सगळं वितळल्यावरही पांढरे कण तरंगत राहतात. मीठ १२२ अंशांना वितळत नाही. बर्फासारख्या गार पाण्याने दोन-तीनदा धुवा आणि शेवटच्या धुवणाची परीक्षा करा: धुवणात आधी दोन थेंब विरल नायट्रिक ॲसिड, मग सिल्व्हर नायट्रेट. गढूळ झालं तर मीठ आहे, अजून धुवा. नायट्रिक ॲसिड विसरलात तर सिल्व्हर बेन्झोएटही गढूळपणा देऊ शकतं आणि धुणं कधीच संपत नाही.

धुणं आणि वाळवणं

स्फटिक ब्युखनर फनेलवर (पंपाने हवा ओढून गाळायचं सच्छिद्र तळाचं फनेल) ओढून घेतले की पंप बंद करा, ५ मिली बर्फाचं पाणी घाला, कांडीने जरा सैल करा, मग पुन्हा पंप. असं दोनदा. पंप चालू ठेवून वरून पाणी ओतलं तर ते एखाद्या फटीतून सरळ निघून जातं आणि बाकी मालाला लागतही नाही. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत गच्चीवरच्या टाकीतलं पाणी हाताला चटका देईल असं असतं. त्या पाण्याने धुतलं तर यील्ड सिंकमध्ये जातो. त्या दिवसांत ‘रूम टेम्परेचरपर्यंत गार करा’ यालाही अर्थ नाही. खोलीच ३८ वर असेल तर अर्धा तास तसंच राहू द्या आणि नंतर पंधरा मिनिटं बर्फ द्या. सरळ उकळत्यावरून बर्फात टाकू नका, पिठासारखे बारीक स्फटिक येतात आणि मधल्या जागेत मातृद्रव (स्फटिक पडल्यावर उरलेलं द्रावण) धरून ठेवतात.

ओलं ॲसिटॅनिलाइड १०० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवलं की ८३ अंशांची गोष्ट पुन्हा घडते: वॉच ग्लासवर चिकट डाग उरतो. ५० ते ६० अंश पुरेत, किंवा फिल्टर पेपरांत दाबून रात्रभर डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणारं बंद भांडं). कोकणात पावसाळ्यात उघड्यावर वाळवण्याच्या भानगडीत पडू नका. मेल्टिंग पॉइंट खाली आणि पसरट आला तर रीक्रिस्टलायझेशनला दोष देण्यापूर्वी नमुना पुन्हा वाळवून बघा.

पाणी सोडून दुसरं द्रावक

पॅरा-नायट्रोॲसिटॅनिलाइडसारखा पदार्थ (वितळणबिंदू २१५ च्या आसपास) इथेनॉलमधून करतात. तिथे सोबतचा ऑर्थो समघटक थंड इथेनॉलमध्येही बऱ्यापैकी विरघळतो, म्हणून मातृद्रव पिवळा होतो आणि पॅरा जवळपास रंगहीन येतो. स्फटिक पिवळे दिसले तर गार इथेनॉलने धुणं कमी पडलं आहे. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, तेव्हा वॉटर बाथच वापरा. बर्नर टेबलावरसुद्धा नको.

इथेनॉल-पाण्याची जोडी वापरताना माल आधी कमीत कमी गरम इथेनॉलमध्ये पूर्ण विरघळवा, मग गरम पाणी थेंबाथेंबाने घाला. प्रत्येक थेंबाला ढग येतो आणि फिरवल्यावर जातो. जो ढग जात नाही तिथे थांबा आणि दोन-चार थेंब इथेनॉल घालून तो घालवा. आता हळू गार होऊ द्या. ढग आल्यावरही ‘अजून थोडं’ म्हणून पाणी घातलं की इथेही तेलच उतरतं. त्यावर उपाय इथेनॉल वाढवून पुन्हा गरम करणं.

ॲस्पिरिनच्या बाबतीत मात्र गरम पाण्यात रेंगाळू नका. उकळत्या पाण्यात त्याचं विघटन होऊन सॅलिसिलिक ॲसिड तयार होतं, आणि फेरिक क्लोराइड घातल्यावर जांभळा रंग येतो. शुद्ध करायला घेतलेला पदार्थ शुद्ध करतानाच बिघडतो.

मातृद्रव कधी टाकायचा

पहिल्या स्फटिकांचं वजन आणि मेल्टिंग पॉइंट वहीत लिहिल्याशिवाय टाकू नका. पाण्याच्या हिशेबापेक्षा माल बराच कमी आला असेल तर तो त्याच फ्लास्कमध्ये आहे. उकळून एक तृतीयांश करा, गार करा, दुसरं पीक वेगळ्या कागदावर घ्या. ते सहसा थोडं रंगीत असतं आणि दोन-तीन अंश खाली वितळतं. दोन्ही एकत्र करून वजन वाढवण्याचा मोह होतो, पण त्याने पहिलंही नासतं. दुसऱ्या पिकाला त्याचंच वेगळं पाणी देऊन पुन्हा स्फटिक करा आणि ११३ ते ११५ अंशांत वितळलं तरच पहिल्यात मिसळा.